गुलबदन कुठं गेली?

"अर्शी, डावा पाय! डावा!"

"माझा डावा की हत्तीचा डावा?"

"आत्ता तूच हत्ती आहेस ना! दोन्ही एकच!" मागून अभिमन्यू ओरडला आणि तेवढ्यात त्याचं डोकं हत्तीच्या बरगडीवर, म्हणजे बांबूच्या कामटीवर, टणकन आपटलं. "आई गं! हत्तीला मागचे पाय नसते तर किती बरं झालं असतं!"

"मग तो हत्ती नसता, हातगाडी असती!" बाहेरून पूनम म्हणाली आणि रंगमंचावर सगळेच खो खो हसले.

अर्शीही हसली, पण जरा उशिरा. ती हत्तीच्या पोटात होती आणि तिथं गेली की तिला बाहेरच्या गोष्टी लांबून, पाण्याखालून याव्यात तशा ऐकू यायच्या. हा हत्ती पूनमच्या नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, आपल्या मागावर विणलेल्या चादरींचा होता. बाहेरून करड्या रंगावर बारीक गुलाबी फुलं. आतून मात्र सगळं उलटं! सोलापुरी चादरच ती. आत सगळं गुलाबी आणि त्यावर करडी फुलं. रंगमंचावरचे दिवे लागले की शिवणींमधून उजेड झिरपायचा आणि अर्शीला वाटायचं, आपण एखाद्या मोठ्या फुलात उभ्या आहोत. नव्या सुताचा वास यायचा. डोळे आपोआप मिटायचे. "आमची अर्शी जागेपणी झोपते," असं तिची अम्मी नेहमी म्हणायची, ते काही खोटं नव्हतं.

मे महिन्याची सुट्टी होती. साखर पेठेतल्या जुन्या नाट्यगृहात अभिमन्यूची आत्या, वैजयंतीताई, नवं नाटक बसवत होती आणि सातवीतले हे तिघं रोज तिथंच पडून असायचे. अर्शी हत्तीचे पुढचे पाय, अभिमन्यू मागचे पाय आणि पूनम हलगी वाजवणार.

नाटक होतं एका जुन्या आणि फार विचित्र गुन्ह्यावर. वैजयंतीताईच्या आजोळी ही हकिकत पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. इंग्रजांच्या काळात सोलापुरात एक सर्कस आली होती. सर्कशीत गुलबदन नावाची हत्तीण होती आणि तिचा माहूत होता अक्कलकोटकडचा निंगप्पा. एके दिवशी ऐन उन्हात, सगळी सर्कस तंबूत पेंगत असताना, गुलबदन नाहीशी झाली. हत्ती म्हणजे काय सुई आहे हरवायला? विहिरी पाहिल्या, गिरण्यांची आवारं पाहिली, तळ्यात माणसं उतरवली. गावाबाहेर जायच्या वाटेवर जकात नाका होता. तिथल्या नाकेदाराने कोर्टात शपथेवर सांगितलं, "सकाळधरनं वराती तेवढ्या गेल्या, सायेब. चोरीचा हत्तीबित्ती काय न्हाय बघितला!" मग सगळा आळ आला निंगप्पावर. त्याला तुरुंगात टाकलं. गुलबदन पुढं कधीच सापडली नाही.

नाटकाच्या शेवटी म्हातारा निंगप्पा प्रेक्षकांकडे बघून विचारायचा, "माझी गुलबदन कुठं गेली?" आणि पडदा पडायचा.

दर तालमीला हे वाक्य आलं की हत्तीच्या पोटातली अर्शी पुढचं ऐकायला कान टवकारून थांबायची. त्या दिवशी तिने ताईला विचारलंच.

"ताई, शेवट असा अर्धाच का?"

"मलाही पुढचं माहीत नाही गं," वैजयंतीताई म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. ती कशी गेली तेच कळलं नाही, तर कुठं गेली ते कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रयोगाच्या आदल्या दिवशी, तिघं दुपारी नाट्यगृहात आले, तर आत गोंधळ चाललेला. रंगमंचामागच्या खोलीत हत्ती नव्हता!

सोंड नाही, शेपूट नाही, एक कामटी नाही. मोकळी फरशी आणि तिच्यावर झेंडूच्या चार पाकळ्या.

"हत्ती चोरीला गेला?" अभिमन्यू म्हणाला. "हत्ती चोरीला गेल्याच्या नाटकातला हत्ती?"

कुणीच हसलं नाही. नाट्यगृहाचे मॅनेजर दारात उभे राहून वॉचमन मल्लप्पाकाकांना झापत होते. "सकाळपासून फाटकावर तुम्ही होतात ना? मग एवढं धूड गेलं कसं? झोपला होतात, नाहीतर चोरांना सामील आहात! संध्याकाळपर्यंत हत्ती आला नाही, तर मी पोलिसांत नाव देणार आणि उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"न्हाय सायेब, झोपलो न्हाय. देवाशप्पत! चोर कोन आलाच न्हाय," मल्लप्पाकाका पुन्हा पुन्हा सांगत होते. मॅनेजरसाहेब ऐकायलाच तयार नव्हते. वैजयंतीताई त्यांना समजवायला त्यांच्या मागे ऑफिसात गेली.

मल्लप्पाकाका फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर ऊन असं तापलं होतं की रस्ता, दुकानं, उभ्या रिक्षा, सगळं हलत होतं, विरघळत होतं. अर्शी त्यांच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिला तिथं दुसराच माणूस दिसायला लागला. डोक्याला मुंडासं, हातात अंकुश आणि डोळ्यांत तेच, "कोन आलाच न्हाय, सायेब!" हा निंगप्पा! शंभर वर्षांपूर्वी तोही असाच बसला असेल, असाच सांगत असेल आणि असंच कुणी ऐकलं नसेल.

"अर्शी! झोपलीस का उभ्या उभ्या?" पूनमने तिला हलवलं.

"नाही. चला, काकांना नीट विचारू या. त्यांना सगळे नुसते ओरडलेत. विचारलं कुणीच नाही."

तिघं कडुनिंबाखाली बसले. पूनमने आपली पाण्याची बाटली काकांपुढे धरली.

"काका, सकाळपासून फाटकातून काय काय आत-बाहेर गेलं?" अर्शीने विचारलं.

"काय जानार, यव्वा? पेपरवाला आला. लाइटवाला आला. मग शेजारच्या मंगल कार्यालयाची वरात निगाली, तिची गर्दी झाली हितं. ब्यांजो काय, नाच काय! मीच की सायकली बाजूला घेऊन वाट करून दिली."

"वरात? आपल्या फाटकातून?"

"मागच्या अंगणातनं निगाली की. तिकडं सावली हाय म्हनून तितं जमले असतील."

अर्शीच्या डोक्यात काहीतरी हललं. "काका... त्या वरातीत हत्ती होता?"

"होता की!" काकांचा चेहरा एवढ्या वेळात पहिल्यांदा उजळला. "लई देखणा आने! आने म्हंजे हत्ती, आमच्या कन्नडमदी. गळ्यात झेंडूच्या माळा, पाटीवर लाल झूल. डुलत डुलत गेला!"

तिघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"काका!" अभिमन्यू किंचाळला. "तोच आपला हत्ती!"

"आँ? तो? तो तर वरातीचा हत्ती!" मल्लप्पाकाका गोंधळले. "तुमचा हत्ती मी कुटं बगितलाय? मी आत जाताना बगितलं ते बांबू आन् चादरी. सायेबांनी इचारलं, चोर आलता का. चोर कुटं आलता?"

अर्शी ताडकन उठली. कानात नाकेदाराचं वाक्य घुमत होतं. ते वाक्य रोजच्या तालमीत ऐकून त्यांना पाठ झालं होतं आणि प्रत्येक वेळी ते त्याला हसले होते. "सकाळधरनं वराती तेवढ्या गेल्या, सायेब!"

"अभ्या, पूनम! गुलबदनही अशीच गेली!" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "वरातीतून! माळा घालून, झूल पांघरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! नाक्यावरचा माणूस पळवलेला हत्ती शोधत होता. वरातीतल्या हत्तीला कोण विचारणार, तू कुणाचा म्हणून?"

मग पूनम हळूच म्हणाली, "अय्यो!"

"पण आपल्याला आधी हा हत्ती हवाय," अभिमन्यू म्हणाला. "मागच्या अंगणाची किल्ली कुणाकडे असते?"

"हिंदुरावकडं," मल्लप्पाकाका म्हणाले. "डेकोरेशनवाला. त्योच तुमचा पडदा-बिडदा लावतोय न्हवं?"

अभिमन्यूने आत्याच्या पर्समधून फोन आणला आणि हिंदुरावांना लावून मोठ्या आवाजावर ठेवला. अर्शी गोड आवाजात बोलू लागली. "हिंदुरावकाका, नाट्यगृहातून बोलतोय. आमचा हत्ती सापडत नाहीये."

"हत्ती? कसला हत्ती? मला काय म्हाईत न्हाय!"

"बरं काका. पण बिचाऱ्याची सोंड..."

"सोंड आदीच ढिली हुती!" पलीकडून घाईघाईने आवाज आला. "माज्याकडं आल्यावर न्हाय मोडली ती!"

मग फोन कट.

"माज्याकडं आल्यावर!" पूनमने हुबेहूब नक्कल केली आणि मल्लप्पाकाकाही फिस्सकन हसले.

तिघं ऑफिसकडे धावले. तिघं फोनमध्ये गुंतले असतानाच वैजयंतीताई आणि मॅनेजर हत्ती हरवल्याची खबर द्यायला पोलीस चौकीकडे निघून गेले होते. ताईचा फोन मुलांकडेच होता आणि मॅनेजरसाहेब फोन उचलत नव्हते. हिंदुरावांचं गोदाम होतं चिंचोळी एमआयडीसीत. तिथं रोज सुताचा माल घेऊन कुणाचा टेम्पो जायचा? अर्शीच्या बडेसाबमामूंचा!

"क्या रे बच्चो, ये क्या नवीन खूळ?" सगळं ऐकून मामूंनी डोक्यावरचा रुमाल मागे सारला. "हत्ती आणायला टेम्पो पाहिजे? आजतक भोत माल ढोया, हाथी नै ढोया! बैठो. पण आधी तुझ्या अम्मीला फोन, मग मैडमला निरोप, मग गाडी चालू."

फोन झाले, ताईसाठी मल्लप्पाकाकांजवळ निरोप ठेवला आणि टेम्पो पुण्याच्या रस्त्याला लागला. लांब डांबरावर पाण्यासारखं काहीतरी चमकत होतं. जवळ जावं तसं ते पुढं सरकायचं. अर्शी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, त्या खोट्या पाण्याच्या काठाने गुलबदन चालली आहे. माळा घालून, सनईच्या मागून, मान हलवत. तिला तरी कळलं असेल का, आपल्याला कुठं नेतायत ते? निंगप्पा मागे राहिला म्हणून ती थांबली असेल का? कुणी म्हटलं असेल का, बघा, हत्तीण रडतेय?

"उतर गं, आलं!" पूनम म्हणाली.

गोदामाच्या फाटकावर मिशीवाला राखणदार होता. "काय पायजे?"

"आतला हत्ती," अभिमन्यूने सरळच सांगितलं. "आमचा आहे तो."

"शेटला इचारल्याबिगर हितली काडीबी भाईर जानार न्हाय! आन् शेट झोपल्यात. त्यास्नी उटवायचं न्हाय. चार वाजता हत्ती सांगोल्याला जायाचा हाय, लग्नाला."

"आम्ही बघून येऊ का नुसता?"

"बगा की. हात लावू नका."

सांगोल्याला! म्हणजे उद्याच्या प्रयोगाला हत्ती येणारच नव्हता.

आत गेल्यावर तिघं जागच्या जागी थबकले. पत्र्याच्या उंच छपराखाली लग्नांचं एक अख्खं गाव पसरलं होतं. थर्माकोलचे महाल, पांढरे खांब, कागदी कमळांचं तळं, पिसारा फुलवलेले मोर. छपराच्या भोकांतून उन्हाचे गोल गोल ठिपके खाली पडले होते आणि त्यांच्यात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. या सगळ्याच्या मधोमध त्यांचा हत्ती उभा होता, कोमेजलेल्या माळा घालून. आणि शेजारच्या लाल मखमली सिंहासनावर, पाय पसरून, हिंदुरावकाका घोरत होते!

"उठवू या?" अभिमन्यू कुजबुजला.

"उठवलं तर ते आधी नाही म्हणतील, मग शपथ घेतील, आणि तेवढ्यात चार वाजतील," पूनम म्हणाली.

अर्शी हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवत होती. सोंड खरंच लुळी पडली होती. मग ती वळली. तिचे डोळे चमकत होते. "गुलबदन जशी गेली, तसाच याला नेऊ या! आपलं म्हणणं खरं असेल, तर आपल्याला कुणीही अडवणार नाही!"

खांबाला एक हलगी टांगलेली होतीच. ती पूनमने घेतली. टेम्पो बाहेर लावून मामू आत आले, तर मुलांनी त्यांच्या डोक्यावर जरीचा फेटाच चढवला.

"ये क्या लगा रखे रे! मैं दुल्हा लगता क्या?"

"तुम्ही वरबाप, मामू! फक्त ऐटीत चाला!"

अर्शी आणि अभिमन्यू चादरींखाली शिरले. पुन्हा तो गुलाबी उजेड, तो सुताचा वास. अर्शीने खोल श्वास घेतला. बाहेर पूनमची हलगी कडाडली आणि हत्ती निघाला. डावा पाय, उजवा पाय. महालांमधून, मोरांच्या समोरून, घोरणाऱ्या काकांच्या अगदी पायाशी! घोरणं क्षणभर थांबलं. अर्शीचा उचललेला पायही तसाच थांबला. मग पुन्हा घर्रर्र सुरू झालं.

फाटकाशी राखणदार उभा राहिला. आता अडवणार! अर्शीने डोळे गच्च मिटले.

"आरं, निगाली व्हय वरात? सरका, सरका, वाट द्या!" राखणदाराने फाटक सताड उघडलं, वर हत्तीला नमस्कारही केला!

रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटली होती. डबे हातात घेतलेली माणसं हलगी ऐकून थांबली. दोघं-तिघं चक्क नाचायलाच लागले. "आवाज वाढव की पोरी!" कुणीतरी ओरडलं. टेम्पोजवळ पोचल्यावर अभिमन्यू मागच्या पायांतून बाहेर पडला आणि पळत फाटकाकडे गेला.

"काका, गोदामातून काही चोरीला गेलं का हो?"

"मी हितं असताना? माशीबी जात न्हाय!"

"मग हत्ती कुठाय?"

"हत्ती काय चोरीला गेलाय? वरातीचा हत्ती वरातीला गेला की!" तो म्हणाला आणि मग हळूहळू त्याचं तोंड उघडं पडलं. "...आयला!"

तेवढ्यात आतून हिंदुराव धावत आले. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल. "हत्ती! माजा हत्ती चोरला कुणीतरी! धरा!"

हत्तीच्या छातीवरची शिवण उघडली आणि अर्शीचं डोकं बाहेर आलं. "कुणाचा हत्ती, काका?"

सगळी पाळी खदखदून हसली. हिंदुराव खाली बघून पुटपुटले, "सकाळी वरातीचं घोडं आयत्या वेळी लंगडलं. नवरदेवाकडची लोकं कावली. तुमचा हत्ती तितंच उभा हुता... म्हटलं तासाभरात आनून ठिवू, कुणाला कळतंय? मग सांगोल्याच्या लोकांनी फोटो बगितला. त्यास्नी बी पायजे झाला."

"तासाभरात!" अर्शीचा आवाज चढला. एरवी ती मोठ्यांशी अशी बोलत नसे. "तिकडे मल्लप्पाकाकांना चोर म्हणतायत! पोलिसांत नाव देणार आहेत त्यांचं! त्यांची नोकरी जाणार आहे!"

हिंदुरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हे त्यांना माहीत नव्हतं. ते दुसरी चप्पल शोधायलाही परत गेले नाहीत. तसेच टेम्पोत मागे चढले आणि वाटभर हत्तीची सोंड दोन्ही हातांनी सावरून बसले.

नाट्यगृहात पोचल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. मॅनेजरसाहेब मल्लप्पाकाकांपुढे जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं. मी न विचारताच बोललो. माफ करा." आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी स्वतः काकांसाठी राखून ठेवली.

वैजयंतीताईने मुलांना आधी न सांगता गेल्याबद्दल रागावून घेतलं, मग जवळ घेतलं. पण अर्शीने वरातीचं सांगितल्यावर तिने नाटकाची वही काढून नाकेदाराचं वाक्य पुन्हा वाचलं. "एवढी वर्षं," ती म्हणाली, "एवढी वर्षं ते वाक्य आमच्या आजोळी सगळे सांगतायत आणि हसतायत. मी ते नाटकात घातलं तेसुद्धा हसवायला! नाकेदाराला कुणी पुढचा प्रश्न विचारलाच नाही गं. खरंच असंच झालं असेल का, ते आता कोण सांगणार? पण नाटकात मात्र असंच होईल."

रविवारी संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं. कोर्टाच्या प्रवेशात नाकेदार आपलं नेहमीचं वाक्य बोलला आणि लोक नेहमीसारखे हसले. तेव्हा नव्याने लिहिलेला वकील पुढे झाला. "आणि वरातीत हत्ती होता का?"

"व्हता की, सायेब!"

हसू थांबलं. नाट्यगृहभर एक लांब सुस्कारा पसरला.

शेवटच्या प्रवेशात सुटून आलेला, म्हातारा झालेला निंगप्पा गावोगाव फिरत होता. कुठल्याशा अनोळखी गावात त्याच्या समोरून एक वरात चालली होती. पूनमची हलगी वाजत होती. माळांनी मढलेली हत्तीण जवळून निघून चालली होती आणि निंगप्पाने मागून हाक मारली. हळूच, जेमतेम ऐकू जाईल अशी. "गुलबदन?"

पोटातली अर्शी थांबली. तालमीत ताईने सांगितलं होतं, मनात पाच मोज आणि वळ. अर्शी मोजायचं विसरूनच गेली. त्या गुलाबी अंधारात तिला खरंच वाटलं, ही हाक आपण फार वर्षांपासून ऐकायची वाट बघत होतो. तिचे पाय आपोआप वळले. अभिमन्यूही न बोलता वळला, कुठंही न अडखळता! लुळी सोंड निंगप्पाच्या खांद्यावर जाऊन विसावली आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेचनात. पहिल्या रांगेत मल्लप्पाकाका टोपीने डोळे पुसत होते. ताईने मुलांना पुढे बोलावलं, तेव्हा पूनम आली, अभिमन्यू आला, पण अर्शी कुठंच दिसेना!

"आता ही गेली कुठं?" अम्मी घाबरली. रंगपट पाहिला, अंगण पाहिलं, टेम्पोही पाहिला. शेवटी पूनमने हत्तीच्या पोटाशी वाकून शिवण बाजूला केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत, करड्या फुलांवर डोकं टेकून, अर्शी गाढ झोपली होती. निदान सगळ्यांना तसं वाटलं. खरं तर ती झोपेच्या अगदी काठावर होती आणि बाहेरचे आवाज तिला लांबून, मऊ होऊन ऐकू येत होते.

"या पोरीने माझं नाटक पूर्ण केलं," वैजयंतीताई सांगत होती. "तिघांनी मिळून."

"आमी मोटी मानसं लपवत न्हायतर वरडत बसलो," हा आवाज हिंदुरावांचा. "हेंनी तेवढं इचारलं."

"भांजी है मेरी!" बडेसाबमामूंचा आवाज अभिमानाने फुगला होता. फेटा त्यांनी अजून काढलेला नसावा.

"तिला उठवू नगा," मल्लप्पाकाका हळूच म्हणाले. "मी हाय हितं. झोपू दे."

मग कुणीतरी एकेक दिवा मालवला. अम्मीचा हात केसांवरून फिरला. गुलाबी उजेड विझत विझत गेला आणि अर्शी सावकाश, डुलत डुलत, झोपेत शिरली.